रेडिएटरला घातलेली कानटोपी

मिल्दाला येत नाही असं जगात काही उरलेलं नाही, हे मिल्दाचं मत होतं, आणि ते तिने कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. सोळाव्या वर्षी एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवणार तरी कुठे! निमित्त झालं शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाचं. तो तीन वर्षं गळत होता. मुख्याध्यापक बदलले, फरशी बदलली, पण नळ गळतच होता. मे महिन्यात एका मधल्या सुट्टीत मिल्दाने त्याचा वायसर बदलला आणि नळ गप्प झाला. त्या दिवसापासून ती काउनस शहरातल्या प्रत्येक नळाकडे, रस्त्यात खोकणाऱ्या माणसाकडे डॉक्टर बघतात ना, तशी बघायला लागली.

त्यामुळे ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारी आई जेवताना म्हणाली की या हिवाळ्यात बाबांना कायमचं आपल्याकडे आणायचं, तेव्हा सगळ्यात आधी मिल्दाचाच काटा ताटात पडला.

बाबा म्हणजे आईचे बाबा, मिल्दाचे आजोबा, वात्स्लोवास. चौतीस वर्षं शहरात ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले. राहायचे नदीपलीकडे, पाच मजली इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, आजी गेल्यापासून एकटे. घर झकास. पण त्यातली मोठी खोली म्हणजे हिवाळ्यात शुद्ध भट्टी! शहराच्या बॉयलरचं गरम पाणी तळघरातून उभ्या नळीने थेट पाचव्या मजल्यावर चढायचं आणि पहिल्या वाफेचं, ताजं ताजं आजोबांच्या खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये शिरून खोली तापवायचं. तिथून पुढे कुठे जायचं? जावो कुठेही! बाहेर उणे पंधरा आणि आत एकोणतीस. आजोबा बनियनवर बसायचे, खिडकी सताड उघडी टाकून झोपायचे. फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. दोन आठवडे इस्पितळात काढले. आईने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आता फक्त बोलून दाखवलं. पुढच्या खोलीतला सोफा उघडून पलंग होतो, तो बाबांचा.

आजोबा म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. आणि सारण भरलेला बटाट्याचा दुसरा गोळा त्यांनी हळूच बाजूला सरकवला. ज्या माणसाने आयुष्यात कधी दुसऱ्या गोळ्याला नाही म्हटलं नव्हतं, त्या माणसाने!

"ती खोली मी वीस अंशांवर आणून दाखवते," मिल्दा म्हणाली.

आई हसली. तिचा फोन वाजत होता, तिला विषय संपवायचा होता. "आण. हीटिंग सुरू झालं की पहिल्या रविवारी येते मी. काटा वीसवर दिसला तर बाबा तिथेच राहतील. नाहीतर त्याच दिवशी सामान बांधायचं."

मिल्दाने ते कागदी रुमालावर लिहून घेतलं आणि आईची सही घेतली. आई फोनवर बोलत होती, आपण कशावर सही करतोय हे तिने पाहिलंही नाही.

मग मिल्दाने एक व्हिडिओ शोधून काढला. चौकटीचा शर्ट घातलेला एक गुटगुटीत माणूस जुन्या रेडिएटरला नवा, आपोआप चालणारा व्हॉल्व्ह बसवत होता. शीळ घालत! पायाखाली पांढरा गालिचा! सात मिनिटांत काम फत्ते. त्या व्हॉल्व्हच्या डोक्यात मेणासारखं काहीतरी असतं. खोली तापली की ते फुगतं आणि पाण्याची वाट बंद करतं, खोली गार झाली की आक्रसतं आणि वाट मोकळी करतं. डोक्यावर एक ते पाच आकडे. तीनवर ठेवा, वीस अंश घ्या, विसरून जा. फक्त एक गोष्ट होती. तो माणूस ज्या देशातला होता तिथे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात स्वतःचा बॉयलर असतो. ज्याचं पाणी त्याचं. हे त्याने सांगितलं नाही, कारण समुद्रातला मासाही कधी पाणी ओलं असतं म्हणून सांगत सुटत नाही.

आता अडचण होती अल्दोनाबाईंची. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अल्दोनाबाई इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. त्याआधी तीस वर्षं ट्रॉलीबसमध्ये तिकीट तपासनीस. त्यामुळे समोरचा माणूस साधं 'नमस्कार' म्हणाला तरी त्या त्याच्याकडे अशा बघायच्या, की तो आपोआप खिसे चाचपायला लागायचा. लेखी परवानगीशिवाय हीटिंगला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. परवानगी मिळायची बैठकीत. बैठक डिसेंबरात. आणि ज्या तळघरात नळ्यांचं पाणी बंद करायचे चावीनळ होते, त्याची किल्ली अल्दोनाबाईंच्या गळ्यात!

पण सप्टेंबर होता, आणि सप्टेंबरात अख्खं काउनस तळघरात बटाटे ठेवतं. प्रत्येक बिऱ्हाडाची खाली जाळीच्या दाराची एक कोठडी असते, तिच्यात बटाटे, मुरांबे, वाळूत पुरलेली गाजरं. आजोबांनी अल्दोनाबाईंकडे बटाट्यांसाठी किल्ली मागितली. बटाटे होते दोन किलो. मिल्दाने त्यांच्या नऊ फेऱ्या केल्या.

तिने खाली जाऊन आजोबांच्या नळीचे दोन्ही चावीनळ बंद केले आणि नळीतलं पाणी रबरी पाइपने मोरीत सोडलं. पाइप जरा घसरला. जरासाच. चौथ्या मजल्यावरच्या झेनोनासकाकांच्या गाजरांच्या खोक्यात गेला. गाजरं तरंगायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने ती पुन्हा वाळूत उभी केली, अगदी हारीने, आणि पाच मजले धावत वर आली.

वर रेडिएटरच्या तोंडावरचं जुनं टोपण सुटता सुटेना. पन्नास वर्षांच्या रंगाच्या थरांखाली ते असं बसलं होतं जणू त्याला इमारतीने दत्तक घेतलंय. शेवटी मिल्दाने पान्याला पलंगाची नळी अडकवून दांडा लांब केला आणि आजोबांना त्यावर बसायला सांगितलं. आजोबा बसले. टोपण सुटलं, आजोबा खाली आले, आणि रेडिएटरच्या पोटात राहिलेलं डांबरासारखं काळं पाणी सुसाट बाहेर आलं. भिंतीवर! छतावर! पडद्यावर! आजोबांनी बसल्या बसल्या परात पुढे केली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने शांतपणे म्हणाले, "प्रवाशांनी दांडी घट्ट धरावी."

सात मिनिटांचं काम पाच तास दहा मिनिटांत झालं. भिंतीवरच्या काळ्या डागापुढे कपाट सरकवलं. व्हॉल्व्ह मात्र असा चोख बसला की चावीनळ उघडल्यावर एक थेंब गळेल तर शपथ! पांढराशुभ्र, गोल, डोक्यावर तीनचा आकडा. मिल्दाने त्याचे चौदा फोटो काढले.

ऑक्टोबरात सलग तीन दिवस गारठा पडला आणि एका बुधवारी महापौरांनी हीटिंग सुरू झाल्याचं जाहीर केलं. शाळा सुटल्यावर मिल्दा थेट आजोबांकडे गेली. खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं.

वीस.

तिने व्हॉल्व्हचा मुका घेतला.  आजोबा नळीला हात लावून उभे राहिले. मिल्दाला वाटलं, भारावलेत.

गुरुवारी ती जिना चढत होती तेव्हा तिसऱ्या मजल्यावर अल्दोनाबाई दिसल्या. अंगात कोट, काखेत घमेलं, हातात रेडिएटरची हवा काढायची छोटी चावी. म्हणाल्या, माझी मोठी खोली थंडगार आहे, झेनोनासची पण आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणींची पण. नळीत हवा अडकलीय. हवा अडकते ती सगळ्यात वर, तेव्हा मी निघालेय वात्स्लोवासकडे.

मिल्दाच्या पायांना पंख फुटले. दोन दोन पायऱ्या गाळत ती पाचव्यावर पोचली. व्हॉल्व्ह! विनापरवाना, पांढराशुभ्र, खिडकीखाली पूर्णचंद्रासारखा चमकणारा व्हॉल्व्ह! झाकायला काय मिळेल म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर आजोबांची हिवाळ्यातली केसाळ कानटोपी होती. ती तिने व्हॉल्व्हवर दाबून बसवली आणि कानाचे पट्टे खाली गाठ मारून बांधले. टोपी अशी बसली जणू मापाने शिवलेली.

अल्दोनाबाई धापा टाकत आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी रेडिएटरकडे तिकीट मागावं तसं पाहिलं.

"वात्स्लोवास, याला थंडी वाजतेय का?"

"वाळत घातलीय," आजोबा म्हणाले.

"पंधरा दिवसांत पाऊस नाही."

"मागच्या वर्षीची ओली आहे."

अल्दोनाबाईंनी हवेचा स्क्रू सैल केला. पाणी आलं, हवा आली नाही. यावर त्यांनी सांगितलं की हवा लबाड असते, माणूस बघितला की नळीत आत सरकते. तिला गाफील पकडायचं, तर कुणीतरी सतत इथे बसून कान देऊन ऐकायला हवं. गुडगुड झाली की लगेच स्क्रू! त्यांनी चौकटींचा कागद मागवला, पट्टीने रेघा मारल्या आणि पहाऱ्याच्या पाळ्या लिहून दारावर चिकटवल्या. सकाळी दहा ते बारा दोघी बहिणी. दुपारी झेनोनास. चारपासून स्वतः.

शुक्रवारी मिल्दा आली तेव्हा मोठी खोली माणसांनी भरली होती. कुणाची पाळी संपली तरी तो जातच नव्हता, कारण खाली जाऊन करायचं काय, थंडीत बसायचं? सगळे कोट घालून रेडिएटरकडे तोंड करून बसलेले, कीर्तनाला बसावं तसे. मध्ये टोपीवाला रेडिएटर. दोघी बहिणी विणत होत्या. झेनोनासकाका, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, कानावर पेन्सिल ठेवून भिंतीला कान लावून उभे होते. आजोबांनी ओव्हनमध्ये किसलेल्या बटाट्यांचा कुगेलिस लावला होता. आणि आजोबांच्या गळ्यात टाय होता! घोटून दाढी केली होती. अल्दोनाबाई सांगत होत्या की हा वात्स्लोवास म्हातारी बाई दिसली की दोन थांब्यांच्या मध्येच बस उभी करायचा, वेळापत्रकाचा सत्यानाश करायचा. आजोबा म्हणत होते की परीक्षेच्या दिवसांत विनातिकीट विद्यार्थी चढले की तपासनीसबाईंना नेमका खिडकीबाहेर बघण्याचा झटका यायचा, ते कसं? अल्दोनाबाई लाजल्या. मिल्दाने असला नजारा उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तापमापकावर वीस! एवढी माणसं, एवढा ओव्हन, तरी वीस! धन्य तो व्हॉल्व्ह, मिल्दाला वाटलं, आणि या बिचाऱ्यांच्या नळीत हवा. तिने त्यांना दोन-चार सूचनाही केल्या. शाळेतल्या नळाची गोष्ट सांगितली. दोनदा.

शनिवारी झेनोनासकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मिल्दाला म्हणाले, तुला यातलं कळतं तर बस इथे, हवा कुठे असेल ते आपण शोधू. त्यांनी कागदावर एकावर एक पाच चौकोन काढले. तळघरातून एक रेघ सरळ वर पाचव्या चौकोनापर्यंत नेली. तिथून ती चौकोनात शिरली, बाहेर पडली, चौथ्यात शिरली, बाहेर पडली, तिसऱ्यात, दुसऱ्यात, पहिल्यात आणि परत तळघरात. पहिल्यातलं बिऱ्हाड नॉर्वेला कामाला गेलेलं, म्हणून तो चौकोन रंगवून टाकला.

"एकच नळी आहे?" मिल्दाने विचारलं.

"एकच. वात्स्लोवासकडून पाणी उतरलं की आम्हाला."

"आणि आजोबांच्याच इथे ते थांबलं तर?"

"तर आम्ही बसतो इथे कोट घालून," झेनोनासकाका हसत म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवून भिंतीला कान लावला.

मिल्दाचं काळीज एकदम पाच मजले खाली गेलं. तिला सगळं दिसलं. व्हॉल्व्हला वाटायचं वीस झाले, तो पाणी बंद करायचा. खालची घरं गारठायची. गारठली की माणसं वर यायची. माणसं आली की खोली तापायची. खोली तापली की व्हॉल्व्ह आणखी आवळून बसायचा. आणि त्यावर तिने घातली होती लोकरीची, केसाळ, दोन कानांची टोपी! आतल्या मेणाला वाटत असणार भर उन्हाळ्यातला जुलै चाललाय!

टोपी काढून व्हॉल्व्ह पाचवर फिरवायला एक मिनिट पुरलं असतं. पण ते मिनिट आणायचं कुठून? पहारा अल्दोनाबाईंनी आखलेला होता. रेडिएटरवरून कुणा ना कुणाची नजर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नव्हती! मिल्दा टोपीवरची धूळ झटकायला गेली, तर धाकट्या बहिणीने हटकलं की हलवू नकोस, गुडगुड ऐकू येत नाही. टोपी वाळली का बघायला गेली, तर अल्दोनाबाई म्हणाल्या, मागच्या वर्षीची ओली आहे, एवढ्यात नाही वाळणार.

सांगून टाकावं, तर व्हॉल्व्ह जाणार. व्हॉल्व्ह गेला की एकोणतीस. एकोणतीस झाले की आईकडचा सोफा. मिल्दा गप्प बसली. पण मग अल्दोनाबाई दोघी बहिणींना हळू आवाजात सांगताना तिला ऐकू आल्या, की मोठी खोली बंद केलीय, आणि स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून झोपते, तिथला रेडिएटर दुसऱ्या नळीवर आहे म्हणून निभावतंय, फक्त सकाळी बोटं उघडत नाहीत. सांगताना त्या बोटं चोळत होत्या. मिल्दाने कुगेलिसची बशी न संपवताच खाली ठेवली.  

रविवारी बाराच्या ठोक्याला आई आली. हातात मोठी रिकामी सुटकेस. दारावरचा पाळ्यांचा कागद तिने नीट वाचला, आत आली आणि दारातच थबकली. कोट घातलेली चार माणसं. दोन लोकरीचे गुंडे. घमेलं. टाय लावलेले बाबा. टोपी घातलेला रेडिएटर. मग तिने तापमापकाकडे पाहिलं.

वीस! बरोब्बर वीस! रेषेला चिकटून! मिल्दा जिंकली होती, आणि तिला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अल्दोनाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या की हवा काही सापडत नाही, तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाल्यांना निरोप दिलाय. उद्या सकाळी ते अख्ख्या इमारतीचं पाणी काढतील, सगळ्या नळ्या तपासतील. दहा दिवस कुठल्याच घरात हीटिंग नसेल. स्वयंपाकघरांतसुद्धा नाही.

दोघी बहिणींच्या सुया एकदम थांबल्या. अल्दोनाबाईंनी बोटं कोटाच्या बाह्यांत ओढून घेतली.

मिल्दा उठली. रेडिएटरपाशी गेली, टोपीची गाठ सोडली आणि टोपी काढली. पांढरा व्हॉल्व्ह लख्ख चमकला.

"हवा नाहीये कुठेच," ती म्हणाली. "मीच आहे."

मग तिने सगळं सांगितलं. रुमालावरची सही, नऊ फेऱ्यांचे दोन किलो बटाटे, चौकटीच्या शर्टातला माणूस, जुलै. झेनोनासकाकांना गाजरांचंही सांगितलं, कारण सांगायलाच बसलोय तर ते कशाला मागे ठेवायचं. सांगता सांगता तिने व्हॉल्व्ह पाचवर फिरवला. आत सूं झालं. मग खळखळ. मग नळी अशी गुडगुडली की चार दिवस जिची वाट पाहिली ती हीच, हे सगळ्यांना कळलं, आणि स्क्रूला कुणीही हात लावला नाही. झेनोनासकाका उठून खाली धावले.  थोड्या वेळाने खालून चौथ्या मजल्यावरून चमच्याने नळी ठोकल्याचा आवाज आला. टण टण. टण टण टण.

अल्दोनाबाई मिल्दाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "परवानगी आहे?"

"नाही."

"म्हणजे विनातिकीट."

"किल्ली मी मागितली होती," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "टोपी माझी. पान्यावर मी बसलो होतो. दंड मला करा, अल्दोनाबाई."

अल्दोनाबाईंनी आजोबांकडे पाहिलं.  मग खिडकीबाहेर पाहिलं. आणि मग मिल्दाला म्हणाल्या, वही काढ, लिही. अर्जदाराचं नाव. घर क्रमांक. विषय, रेडिएटरला व्हॉल्व्ह बसवण्याबाबत. तारीख एक सप्टेंबर.

"आज एकोणीस ऑक्टोबर आहे," मिल्दा म्हणाली.

"तुला लिहिता येतं की नाही?"

मिल्दाने एक सप्टेंबर लिहिलं. अल्दोनाबाईंनी खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि दुरुस्तीवाल्यांना फोन करून सांगितलं की इमारत राहू द्या, फक्त एक वेल्डर पाठवा. रेडिएटरच्या आधीची आणि नंतरची नळी जोडणारा एक वीतभर तुकडा टाकायचा, म्हणजे आजोबांच्या रेडिएटरला नको असलेलं पाणी त्या आडवाटेने परस्पर खाली जाईल. व्हॉल्व्ह राहील, खालच्यांची ऊबही राहील. ही युक्ती वर परत आलेल्या झेनोनासकाकांनी आकृती काढून सगळ्यांना समजावली. मिल्दाला दोनदा.

या सगळ्या वेळात आई सुटकेस मांडीवर घेऊन बसली होती. थोरल्या बहिणीने तिच्या हातात कुगेलिसची बशी दिली होती, ती तिने सुटकेसवर ठेवून रिकामी केली. मग ती जिना उतरायला लागली. मिल्दा मागून चालत होती, मनातल्या मनात सोफा उघडत आणि मिटत. दुसऱ्या मजल्यावर आई थांबली.

"मी रोज त्यांना फोन करते," आई म्हणाली. "काय करताय, जेवलात का, झोप लागली का. सगळ्याला एकच उत्तर, बरं. मला वाटलं, त्यांचे शब्दच संपले. आज किती बोलत होते गं. आणि तो टाय मी माझ्या लग्नात दिला होता."

"म्हणजे राहू देणार त्यांना?"

आईने सुटकेस या हातातून त्या हातात घेतली. म्हणाली, ही रिकामीच किती जड आहे, भरून पाच मजले कोण उतरवणार. आणि झपझप पुढे गेली, कारण तिला नाक पुसायचं होतं.

मंगळवारी वेल्डर आला. वीस मिनिटांत तुकडा जोडून गेला. त्याने मिल्दाच्या व्हॉल्व्हकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला की बसवलाय चांगला. मिल्दाने हे शाळेत अकरा जणींना सांगितलं. तिने व्हॉल्व्ह पुन्हा तीनवर आणला, तरी चौथा, तिसरा आणि दुसरा मजला उबदारच राहिला. आजोबांची खोली वीसवर आली.

बुधवारी मिल्दा गेली तेव्हा दारावरचा पाळ्यांचा कागद निघाला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. आत शांतता. आजोबा टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, टाय लावलेला. टेबलावर पाच कप मांडलेले. किटलीतला लिंडनच्या फुलांचा चहा निवत चालला होता. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची ऊब होती, कोण कशाला पाच मजले चढेल!

मिल्दा त्यांच्या शेजारी बसली. खोली अगदी बरोबर होती. ना गार ना गरम. तिला काय करावं ते कळेना, आणि ही गोष्ट तिच्या बाबतीत मे महिन्यापासून पहिल्यांदाच घडत होती.

"मला त्या पहिल्या बुधवारीच कळलं होतं," आजोबा म्हणाले. "नळीला हात लावला तेव्हा. एका तारेवर बसगाड्या चालतात तेव्हा पुढची थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. चौतीस वर्षं मी हेच बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

आजोबांनी निवलेला चहा कपात ओतला. "तू मुका घेतलास त्याचा. तुझा हिरमोड करवला नाही." कप तिच्याकडे सरकवत म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. अगदी ठरवलं होतं. तर अल्दोनाबाई आल्या. तुझ्या आजीला पोचवून आलो त्या दिवशी आल्या होत्या, त्यानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा. मग झेनोनास आला. मग म्हटलं, उद्या सांगू."

बाहेर ट्रॉलीबस वळणावरून घरघरत गेली. आजोबांनी मान न वळवता तिचा नंबर सांगितला. मग घसा खाकरला, टायची गाठ सारखी केली आणि नव्या वीतभर नळीकडे बघत, कुणी ऐकत नाही ना अशा आवाजात विचारलं, "मिल्दा, हे पुन्हा जरा बिघडवता येईल का गं? फार नाही. आपलं रविवारपुरतं."

मिल्दाने दप्तर खाली ठेवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "बिघडवण्यात माझा हात धरणारं अख्ख्या काउनसमध्ये कुणी नाही."